मर्गट्रॉइड हे आडनाव आलं कुठून? आधी नकाशा, मग अर्थ

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो. तुम्ही लीड्सला राहता, नवरा इंग्रज, आडनाव मर्गट्रॉइड. मुलाला शाळेत ‘माझ्या आडनावाची गोष्ट’ लिहून न्यायची आहे. सासरे सांगतात की घराणं मूळचं फ्रेंच. इंटरनेटवर एकीकडे ‘मार्गारेटचं रान’ असा अर्थ सापडला, दुसरीकडे ढाल आणि सिंह असलेलं ‘घराण्याचं चिन्ह’ मगावर छापून विकायला ठेवलेलं दिसलं. शिवाय सासऱ्यांचे आजोबा ‘किरकी, पूना’ इथे जन्मले, अशी घरात एक आठवण आहे. यातलं खरं काय आणि ते शोधायचं कसं, हे तुम्हाला हवंय.

माझ्या मते इथे तीन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. शब्दाचा अर्थ काय, हा एक. हे आडनाव इंग्लंडच्या कुठल्या कोपऱ्यात जन्मलं आणि कसं पसरलं, हा दुसरा. आणि तुमच्या नवऱ्याचं घर त्या साखळीत कुठे बसतं, हा तिसरा. बहुतेक लोक अर्थापासून सुरुवात करतात, कारण तो एका ओळीत मिळतो. मी वीसेक वर्षं वेस्ट यॉर्कशरच्या जुन्या नोंदींत लोकांची घराणी शोधून देतोय आणि अर्थ कायम शेवटाला ठेवतो. आडनाव कुठलं हे कळेपर्यंत त्याचा अर्थ सांगणं म्हणजे पत्ता न वाचता पत्र टाकणं.

सुरुवातीला एक गोष्ट कबूल करतो. तुमचं आडनाव या कामाला फार सोयीचं आहे. हेच तुम्ही ग्रीनवुडबद्दल विचारलं असतं, तर उत्तर इतकं सरळ आलं नसतं. ग्रीनवुड म्हणजे हिरवं रान, आणि तसं रान इंग्लंडात कुठेही असू शकतं. त्यामुळे ते आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उगवू शकतं. मर्गट्रॉइडसारखा तीन तुकड्यांचा विचित्र जोडशब्द दोन जागी आपोआप तयार होण्याची शक्यता जवळजवळ नाही.

आपल्याला ‘-कर’ची सवय असल्यामुळे इंग्रजी आडनावांचा हा प्रकार पटकन कळतो. १९७१ मध्ये ओव्हलवर भारताने इंग्लंडला हरवलं तेव्हाचे दोन्ही कर्णधार गावाच्या नावाचेच होते. आपले वाडेकर, आणि त्यांचे रे इलिंगवर्थ. इलिंगवर्थ हे हॅलिफॅक्सच्या उत्तरेचं गाव, आता शहरातच मिसळलेलं. पण इथे एक मेख आहे. चिपळुणात राहणाऱ्याला कोणी चिपळूणकर म्हणून वेगळं काढत नाही, कारण तिथे सगळेच चिपळूणचे. तो पुण्याला गेला की चिपळूणकर होतो. इंग्लंडातही मोठ्या गावांचं असंच आहे. लिंकन किंवा यॉर्क आडनावाचे लोक शोधायचे तर त्या शहराबाहेर शोधावे लागतात.

एकेकट्या शेतवाडीच्या नावाचं मात्र उलट होतं. डोंगरउतारावर विखुरलेली घरं, चार मैलांत दहा जॉन, मग ‘कुठला जॉन?’ याचं उत्तर त्याच्या वाडीच्या नावाने द्यायचं. असं नाव जागेवरच चिकटतं आणि पुढे शतकानुशतकं त्या पाच-दहा मैलांतच फिरत राहतं. दुर्मीळ इंग्रजी आडनावांतली कितीतरी या जातीची आहेत. ती लँकशर आणि यॉर्कशरच्या पेनाइन डोंगरांत दाटीने सापडतात. तिकडे दक्षिणेसारखी एका जागी वसलेली गावं कमी, सुट्या वाड्या जास्त. म्हणून आडनाव दुर्मीळ आणि उत्तरेकडचं दिसलं की मी आधी वाडी शोधतो.

आता नकाशा. सुरुवात १८८१ च्या जनगणनेपासून करा, मागून नको आणि पुढूनही नको. ही जनगणना स्वयंसेवकांनी अख्खी उतरवून काढलेली आहे, त्यामुळे आडनाव टाकलं की देशभरातले त्या नावाचे लोक एकदम समोर येतात. मर्गट्रॉइड टाकलंत तर बहुतेक गर्दी यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगमध्ये दिसेल, म्हणजे त्या परगण्याच्या जुन्या पश्चिम भागात. हॅलिफॅक्स, ब्रॅडफर्ड, कीथली, आणि डोंगर ओलांडून थोडं लँकशरमध्ये. (कीथलीचं स्पेलिंग शोधताना ‘जी-एच’ विसरू नका. ऐकून लिहिलंत तर ते गाव तुम्हाला कधीच सापडणार नाही.)

यात नवशिके एक चूक हमखास करतात. ते नुसती डोकी मोजतात. लीड्समध्ये एखाद्या नावाचे तीस आणि एका डोंगराळ टाउनशिपमध्ये (गावासारखा लहान प्रशासकीय भाग) वीस लोक दिसले की लीड्स जिंकलं, असं त्यांना वाटतं. पण लीड्समध्ये त्या वेळी तीन लाख लोक होते आणि त्या टाउनशिपमध्ये जेमतेम काही हजार. मोजायचं ते दर हजारी. तसं मोजलं की शहरं फिकी पडतात आणि खरं केंद्र वर येतं.

दुसरी युक्ती मला स्वतःला फार उपयोगी पडली आहे. जनगणनेत माणूस राहतो कुठे हे जसं असतं, तसा जन्म कुठला हेही असतं. १८८१ च्या यादीतून फक्त साठीच्या पुढचे लोक वेगळे काढा आणि त्यांची जन्मगावं नकाशावर मांडा. तुमच्या हातात १८२० च्या आधीचा नकाशा येतो, रेल्वे यायच्या आधीचा. मग हेच १८५१ च्या जनगणनेत सत्तरीच्या पुढच्यांचं करा, म्हणजे १७८० च्या आसपास पोहोचाल. १८४१ ची जनगणना या कामाला कुचकामी आहे. तिच्यात जन्म याच परगण्यात झाला की नाही, एवढंच विचारलं होतं. मर्गट्रॉइडच्या बाबतीत या दोन नकाशांत डाग आक्रसत जातो आणि कॅल्डर नदीच्या वरच्या खोऱ्याकडे, हॅलिफॅक्सच्या पश्चिमेला सरकतो.

‘हॅलिफॅक्स’ या शब्दाने फसू नका, एवढं मात्र सांगून ठेवतो. जनगणनेत जन्मगाव म्हणून हॅलिफॅक्स लिहिलेला माणूस शहरातच जन्मला, असं नसतं. हॅलिफॅक्सची पॅरिश, म्हणजे एका मुख्य चर्चच्या हद्दीतला सगळा मुलूख, इंग्लंडातल्या सगळ्यांत मोठ्या पॅरिशांपैकी एक होती, सुमारे १२४ चौरस मैलांची, म्हणजे जवळपास निम्मी बृहन्मुंबई. तिच्यात वीसहून अधिक टाउनशिपा होत्या. एका टाउनशिपमधून दुसरीत जायला अर्धा दिवस लागे, तरी बाप्तिस्म्याच्या वहीत दोघंही हॅलिफॅक्सचेच. पुष्कळ ठिकाणी त्याखाली बारीक अक्षरात टाउनशिपचं नाव असतं. तेच खरं सोनं. नुसती इंडेक्सची ओळ बघून थांबलात तर ते हातून जातं, म्हणून वहीच्या पानाचं चित्रच उघडायचं.

जनगणनेच्या मागे गेलात की पॅरिशच्या वह्या. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायचा हुकूम थॉमस क्रॉमवेलने १५३८ मध्ये काढला. पुष्कळ गावांच्या त्या काळातल्या वह्या नष्ट झाल्या, पण हॅलिफॅक्सच्या अगदी १५३८ पासून आहेत. हे नशीबच म्हणायचं. या वह्यांत तीन खड्डे आहेत. १६४० पासून १६६० पर्यंत यादवी युद्ध आणि नंतरचं राजाविना राज्य, त्यामुळे नोंदी तुटक. १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून १७१० च्या फेब्रुवारीतलं लेकरू आपल्या हिशेबाने १७११ चं असतं. हे न कळल्यामुळे आईबापांच्या लग्नाआधीच मूल जन्मल्याचे शोध लोकांनी लावले आहेत. आणि तिसरं म्हणजे, या खोऱ्यात चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचे लोक फार. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, क्वेकर. त्यांच्या वह्या वेगळ्या असत, आणि सरकारी नोंदणी सुरू झाल्यावर त्यांतल्या बऱ्याच लंडनला जमा झाल्या. पॅरिशच्या वहीत माणूस सापडला नाही म्हणून तो गावात नव्हता, असं होत नाही.

मला बसलेला एक फटका सांगतो. एका ग्रीनवुड घराण्यासाठी मी तीन महिने एका जॉनच्या मागे लागलो होतो. बाप्तिस्मा जुळला, वय जुळलं, बापाचं नाव जुळलं. त्याच्या मागच्या चार पिढ्याही मी सुबक रचून दिल्या. मग सहज दफनाची वही उघडली, तर तो जॉन दोन वर्षांचा असतानाच गेलेला. पूर्वज निघाला शेजारच्या टाउनशिपमधला त्याचा चुलतभाऊ. तेव्हापासून कुठल्याही बाप्तिस्म्याला पूर्वज म्हणण्याआधी मी पुढच्या वीस वर्षांची दफनं चाळतो. कंटाळवाणं काम आहे, पण करावंच लागतं.

पॅरिशच्या वह्यांच्या मागे गेलात की कागद कमी होतात, पण जे उरतात ते फार बोलके असतात. १६७२ ची चुलीवरच्या कराची यादी वेस्ट रायडिंगसाठी छापलेली मिळते. घरात चुली किती यावरून घर केवढं ते कळतं. मृत्युपत्रं १८५८ च्या आधी चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत, आणि या भागातली बहुतेक आज यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. शेत कोणाला, माग कोणाला, काळी गाय कोणत्या पुतणीला, हे त्यांत असतं. घराणी जोडायला याहून चांगला कागद नाही. त्याच्याही मागे वेकफील्डच्या जहागिरीच्या न्यायालयाचे गुंडाळे. ते १२७४ पासून सुरू होतात, आता लीड्स विद्यापीठात आहेत, म्हणजे तुमच्या घराजवळच. कुंपण कोणी मोडलं, कोणाची डुकरं कोणाच्या शेतात शिरली, जमीन बापाकडून मुलाकडे कधी गेली, अशा बारीकसारीक तंट्यांतून आडनावं तयार होताना दिसतात. लॅटिन आहे, पण ठरावीक शब्दांचं लॅटिन आहे. सहा महिन्यांत डोळा बसतो.

आणि मग १३७९. त्या वर्षी राजाने डोईपट्टी बसवली, सोळा वर्षांवरच्या सगळ्यांवर. साध्या माणसाला एक ग्रोट, म्हणजे चार पेन्स, आणि नवराबायको मिळून एकच. वेस्ट रायडिंगच्या याद्या बऱ्याच शाबूत आहेत आणि एकोणिसाव्या शतकातच छापल्या गेल्या. कामगार, सुतार, विधवा, सगळे त्यांत टाउनशिपवार आहेत. यॉर्कशरच्या आडनावांवर काम करणारा माणूस शेवटी या यादीपाशी येऊन थांबतो, कारण ‘ब्लॅक डेथ’च्या प्लेगने १३४८-४९ मध्ये माणसं गेल्यानंतर कोण उरलं, ते इथे एका नजरेत दिसतं.

तुमच्या मुलाला आवडेल अशी गोष्ट इथेच आहे. १३७१ साली हॅलिफॅक्सजवळच्या वॉर्लीत कॉन्स्टेबल म्हणून नेमलेल्या माणसाची नोंद आहे, ‘जॉन दे मोरगेटरॉइड’. कॉन्स्टेबल म्हणजे तेव्हा पोलिस नव्हे. पाटील आणि कोतवाल यांच्या मधलं काहीतरी, गावाने आळीपाळीने करायचं काम. आठ वर्षांनी डोईपट्टीच्या यादीत एक नाव येतं, ‘जोहान्नेस मर्ग्रेटरोड’. आडनावांच्या एका जुन्या नामांकित कोशात ही दुसरी नोंद धरून अर्थ दिला गेला, ‘मार्गारेटच्या मोकळ्या केलेल्या रानाजवळ राहणारा’. तुम्हाला इंटरनेटवर दिसलेली मार्गारेट ती हीच. कोशातून एका साइटवर, तिथून दहा साइटवर. ती कुणीतरी उगीच रचलेली नाही, एका खऱ्या स्पेलिंगवरून निघालेली आहे.

पण माझा कौल पहिल्या नोंदीला. ती जुनी आहे, आणि तिच्यातला प्रत्येक तुकडा त्या खोऱ्यात ओळखीचा आहे. ‘मोर’ म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उजाड, ओला माळ, जिथे मेंढ्या आणि गुरं चरायला सोडत. ‘गेट’ म्हणजे दार नव्हे. उत्तर इंग्लंडात हा शब्द वायकिंग लोकांच्या भाषेतून आला आणि त्याचा अर्थ रस्ता. लीड्सच्या बाजारात तुम्ही ब्रिगेट आणि कर्कगेटवरून रोज जात असाल. तिथे कुठलं दार नव्हतं, एक पुलाकडचा रस्ता आणि एक चर्चकडचा. आणि ‘रॉइड’ म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली जमीन. जुना शब्द ‘रोड’सारखा उच्चारला जाई, रस्त्याच्या ‘रोड’शी त्याचा संबंध नाही. कॅल्डर खोऱ्याच्या बोलीत त्यातला स्वर ‘ऑइ’कडे वळला. म्हणून अ‍ॅक्रॉइड, होलरॉइड, बूथरॉइड ही सगळी आडनावं इथली. अ‍ॅक्रॉइड म्हणजे ओकच्या झाडांचं रॉइड. बूथरॉइडमध्ये ‘बूथ’ म्हणजे गुराख्याची झोपडी. ब्रिटिश संसदेच्या पहिल्या महिला सभापती बेटी बूथरॉइड ड्यूझबरीच्या, म्हणजे हॅलिफॅक्सपासून हाकेच्या अंतरावरच्या.

तिन्ही तुकडे जोडले की ‘माळाकडे जाणाऱ्या वाटेवरचं मोकळं केलेलं रान’. आपल्याकडे शेतांमधून गुरं गायरानाकडे नेण्यासाठी पाणंद असते ना, तसली वाट. मुलाला सांगा, तुझं आडनाव ‘पाणंदीवरचं रान’. त्याच्या आजीला पुण्यात हे लगेच कळेल. मार्गारेट मात्र कारकुनाच्या कानातली. कर गोळा करणाऱ्याने अनोळखी नाव ऐकलं आणि ओळखीचं लिहिलं. आपल्या कचेऱ्यांतही हेच होतं. माझ्या वडिलांच्या दोन दाखल्यांवर आडनाव दोन तऱ्हांनी आहे आणि दोन्हींवर शिक्का आहे.

आता फ्रेंचची गोष्ट. तिला नोंदींत काही आधार नाही. तरी ती आली कुठून याचा मला एक अंदाज आहे, आणि अंदाज म्हणूनच सांगतो. सतराव्या शतकात वॉर्लीचे जेम्स मर्गट्रॉइड कापडाच्या धंद्यात गब्बर झाले. त्यांनी कीथलीजवळची ईस्ट रिडल्सडेन हॉल ही जहागीर घेतली आणि १६४० च्या दशकात तिथलं घर वाढवून बांधलं. ते घर आज जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आहे, बघता येतं. तिथे दगडात चार्ल्स राजा आणि त्याच्या राणीचे मुखवटे कोरले आहेत आणि खाली फ्रेंच शब्द, ‘व्हिव ल र्वा’, राजा चिरायु होवो. राजनिष्ठांची ती घोषणा होती. घरावर फ्रेंच, त्यात ‘र्वा’ लिहिलाय ‘आर-ओ-वाय’ असा, आणि आडनावाच्या टोकालाही तीच अक्षरं. दोनतीनशे वर्षांत कुणी आजोबा नातवाला घेऊन तिथे गेले असतील आणि दोन्हींची गाठ मारली असेल, तर मला नवल वाटणार नाही. शिवाय इंग्रज घराण्यांत आपण नॉर्मन (फ्रान्समधून आलेले जेते) किंवा ह्यूगनो (फ्रान्समधून पळून आलेले प्रोटेस्टंट) आहोत ही हौस फार. प्रत्येक चार फाइलींत एक असते.

मगावरचं चिन्ह विकत घ्यायचं तर मग म्हणून घ्या. इंग्लंडात ढालीचं चिन्ह आडनावाला दिलं जात नाही, ते एका माणसाला आणि त्याच्या सरळ वंशजांना दिलं जातं. कॉलेज ऑफ आर्म्स हे काम १४८४ पासून करतं. एखाद्या मर्गट्रॉइडला कधी चिन्ह मिळालं असलं, तरी बाकीच्यांचा त्यावर तेवढाच हक्क, जेवढा प्रत्येक भोसल्याचा सातारच्या गादीवर.

एव्हाना आडनावाचा माग बराचसा लागला: वॉर्लीच्या आसपासची एक वाडी, चौदाव्या शतकातला एक जॉन, आणि त्याच्यापासून पसरलेली माणसं. पसरलं कसं, ते पुढचं. आधी शेती आणि माग एकत्र. कॅल्डर खोऱ्यातली जमीन निकृष्ट, म्हणून घरोघर लोकर विणली जाई आणि हॅलिफॅक्सच्या बाजारात कापड विकलं जाई. त्या पैशावर काही मर्गट्रॉइड उत्तरेला, कीथलीकडच्या खोऱ्यात गेले. मग गिरण्या आल्या. १८०१ मध्ये १३ हजारांच्या आसपास असलेलं ब्रॅडफर्ड १८५१ मध्ये एक लाखाच्या पुढे गेलं. डोंगरउतारावरच्या माणसांनी घरचा माग सोडला आणि तिथे उतरली. १८८१ मधली ब्रॅडफर्डची गर्दी ही त्याची. लँकशरकडचे थोडे लोक पश्चिमेची खिंड ओलांडून गेलेले. त्या वाटेवर टॉडमॉर्डन लागतं. त्या गावातून परगण्याची सीमा १८८८ पर्यंत इतकी सरळ जात होती की टाउन हॉल अर्धा लँकशरमध्ये आणि अर्धा यॉर्कशरमध्ये होता. तिथल्या कुटुंबांच्या नोंदी दोन्ही परगण्यांत शोधाव्या लागतात. एका बाजूला थांबलात तर घराणं अचानक नाहीसं झालंसं वाटतं.

एका माणसापासून आडनाव इतकं टिकलं हेही कौतुकाचंच. आडनाव फक्त मुलग्यांतून चालतं, त्यामुळे एकाच घरापासून सुरू झालेली बहुतेक आडनावं काही पिढ्यांत संपतात. फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४ मध्ये याचं गणितच मांडलं होतं. आज मर्गट्रॉइड दिसतात ते सुरुवातीच्या दोनतीन पिढ्यांत भरपूर मुलगे जगले म्हणून. त्याच डोईपट्टीच्या यादीत त्या खोऱ्यातली अशी कितीतरी नावं आहेत, जी आज कुठेच नाहीत.

स्पेलिंगबद्दल एवढंच, की १८५० च्या आधी त्याला काडीचं महत्त्व देऊ नका. मर्गट्रॉइड, मॉर्गट्रॉइड, मर्गिट्रॉइड, शेवटी ‘वाय’ की ‘आय’, मध्ये ‘ए’ की ‘ई’. एकाच माणसाच्या लग्नाला एक आणि दफनाला दुसरं, हे नेहमीचं. शोधताना व्यंजनं धरा, मधले स्वर काहीही चालू द्या. उतरवून काढणाऱ्यांनी ‘एम’चा ‘डब्ल्यू’ वाचलाय का, तेही बघा.

आता तिसरा प्रश्न, तुमचं घर. आडनाव वॉर्लीचं म्हणून तुमचा नवरा वॉर्लीचा, हे अजून सिद्ध झालेलं नाही. मध्ये कुठे दत्तक, कुठे लग्नाबाहेरचं मूल आणि आईचं आडनाव, कुठे सावत्र बापाचं आडनाव घेतलेलं असू शकतं. म्हणून पिढी-पिढीने मागे जायचं. १९२१ ची जनगणना आता खुली आहे. १९३१ ची १९४२ च्या आगीत जळाली, तिच्या जागी १९३९ चं रजिस्टर वापरा. जन्मनोंदी १ जुलै १८३७ पासून आहेत. सरकारी ऑनलाइन इंडेक्समध्ये आईचं माहेरचं आडनाव थेट १८३७ पासून मिळतं. जुन्या छापील इंडेक्समध्ये ते १९११ नंतरच होतं. एकाच नावाचे दोन जॉन वेगळे करायला हे माहेरचं आडनाव एकटंच पुरतं.

किरकीची आठवण मी हसण्यावारी नेणार नाही. किरकी म्हणजे आपली खडकी. तिथे तोफखान्याची छावणी होती, नंतर दारूगोळ्याचा कारखानाही. गोऱ्या सैनिकांची मुलं तिथे जन्मणं अगदी साहजिक होतं. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या प्रती लंडनला जात आणि आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ‘एन/३’ या मालिकेत त्या अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतात, आणि बऱ्याचशा ऑनलाइनही आल्या आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव, हुद्दा आणि पलटण मिळते. एक सावधगिरी ठेवा. हॅलिफॅक्सला वेस्ट रायडिंगच्या पलटणीचं ठाणं होतं, वेलस्ली बॅरक्स. जालन्याजवळच्या असईच्या लढाईत मराठ्यांना हरवणारे तेच वेलस्ली. म्हणून लोक गृहीत धरतात की हॅलिफॅक्सचा शिपाई म्हणजे त्याच पलटणीतला. पण किरकीला तोफखाना होता, आणि तोफखाना सगळ्या देशातून भरती करी. पलटणीचं नाव नोंदीतून घ्या, गावावरून ठरवू नका. पेन्शन घेऊन सुटलेल्या शिपायाचे कागद लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये असतात आणि त्यांत तो कुठल्या पॅरिशमध्ये जन्मला ते लिहिलेलं असतं. म्हणजे तुमच्या घराचा दुवा खडकीमार्गे परत यॉर्कशरला जुळू शकतो. घरच्या दंतकथांत मला असला तपशील नेहमी जास्त विश्वासाचा वाटतो. फ्रेंच पूर्वजाची हौस कुणालाही वाटेल, किरकीचं नाव कोण कशाला रचेल?

डीएनएबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढे कोणीतरी सुचवेलच. वाय गुणसूत्र आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं. २००० साली याच भागातल्या साइक्स आडनावाच्या पुरुषांची तपासणी झाली, तेव्हा जवळजवळ निम्म्यांचं वाय सारखं निघालं. २००९ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या टूरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी बरीच आडनावं तपासली. अ‍ॅटनबरोसारख्या दुर्मीळ नावात दहातले जवळजवळ नऊ पुरुष एकाच पूर्वजाचे दिसले. स्मिथमध्ये असं काही नव्हतं. मर्गट्रॉइड दुर्मीळ आहे, म्हणून चाचणी उपयोगी पडेल. पण ती कागदांनंतर. आणि नवऱ्याचा नमुना जुळला नाही तर सासऱ्यांसमोर काय बोलायचं, ते आधी ठरवून ठेवा. मी एका घरात जेवणाच्या टेबलावर हा निकाल उघडताना पाहिलाय. त्या दिवशी पुडिंग कुणी खाल्लं नाही.

मुलाच्या वहीसाठी एवढं सगळं लागणार नाही. त्याला १८८१ चा नकाशा रंगवू द्या, वॉर्लीवर एक टिंब काढू द्या आणि खाली जॉनचं १३७१ मधलं स्पेलिंग लिहू द्या. शनिवारी त्याला ईस्ट रिडल्सडेनला घेऊन जा, सासऱ्यांनाही. ‘व्हिव ल र्वा’ समोर उभे राहून ते फ्रेंचची गोष्ट पुन्हा सांगतील. सांगू द्या, आणि ती त्यांनी कोणाकडून ऐकली तेवढं विचारून घ्या. आजोबांकडून असं उत्तर आलं, तर त्याच बैठकीत किरकीवाल्या आजोबांचं पूर्ण नाव आणि जन्माचं साल वहीत उतरवून ठेवा. एन/३ मध्ये शोधायला तेवढं पुरतं.